बेळगावातून कुंडलला गेलेला कारखाना आणि आपल्या घरातील बीड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागांतील वाचक गोठ्यात, माळ्यावर किंवा बंद पडलेल्या गुऱ्हाळात सापडलेल्या जुन्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) वस्तूंची छायाचित्रे पाठवतात आणि बहुतेक जण एकच गोष्ट विचारतात : "हे किर्लोस्करांचे आहे का?" त्या पत्रव्यवहारातून पुढील प्रश्न निवडले आहेत. उत्तरे लिहिणाऱ्याची नोकरी बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीच्या (ओतशाळेच्या) पॅटर्न विभागात, म्हणजे ओतकामाचे नमुने करण्याच्या विभागात, झाली. त्यामुळे लाकडी पॅटर्नविषयी येथे थोडे अधिक लिहिले गेले असेल, तर ते वाचकांनी चालवून घ्यावे.

१. बीड म्हणजे लोखंडच ना? मग वेगळा शब्द कशासाठी?

बीड हे लोखंडच आहे; पण त्यात साधारण अडीच ते चार टक्के कार्बन आणि त्याच्या जोडीला सिलिकॉन असते. शुद्ध लोखंड वितळण्यास १५०० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता लागते, तर बीड १२०० अंशांच्या आसपासच पातळ होते आणि साच्याच्या कानाकोपऱ्यात सहज शिरते. थंड होताना त्यातील बराचसा कार्बन ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा होतो. तुटलेल्या बिडाचा काप करडा आणि दाणेदार दिसतो, तो यामुळेच, आणि उंचावरून पडल्यास ते वाकण्याऐवजी फुटते, तेही यामुळेच. लोहाराच्या ऐरणीवर जे घडते ते घडीव लोखंड किंवा पोलाद. बीड तापवून ठोकल्यास त्याचे तुकडे होतात. ते ओतावेच लागते.

२. किर्लोस्करांचा कारखाना मूळचा बेळगावचा, हे खरे आहे का?

होय. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. (संगीत नाटकांचे अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे आणि याच घराण्यातले.) लक्ष्मणराव चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु काही रंग त्यांना नीट ओळखता येत नसल्यामुळे रंगकाम सोडून ते यांत्रिक रेखनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालवले. हा उद्योगसमूह आपला आरंभ १८८८ पासून मोजतो, तो या सायकलींच्या व्यवसायापासून. दुकानाला जोडून एक छोटी कार्यशाळा उभी राहिली आणि तेथे आधी कडबा कापण्याचे यंत्र व नंतर, १९०३ मध्ये, लोखंडी नांगर तयार झाला.

थोडक्यात सांगायचे, तर आरंभ बेळगावचा आहे आणि पहिला नांगरही बेळगावचा आहे. परंतु ज्या मोठ्या ओतशाळेचा माल खेडोपाडी पोहोचला, ती बेळगावची नव्हे. त्यासाठी पुढचा प्रश्न पाहावा.

३. मग कारखाना बेळगाव सोडून का गेला? भाषेच्या वादामुळे का?

भाषेच्या वादाशी याचा काहीही संबंध नाही. हा प्रश्न इतक्या वेळा येतो म्हणून हे स्पष्ट लिहावे लागते. त्या काळी बेळगाव मुंबई इलाख्यात होते आणि ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेले, म्हणजे कारखाना हलल्यावर तब्बल सेहेचाळीस वर्षांनी. ठळकवाडी ही नवी वस्ती बसवायची असल्यामुळे नगरपालिकेने कारखान्याला जागा सोडण्यास सांगितले, हे कारखाना हलण्याचे खरे कारण होय.

त्या सुमारास लक्ष्मणरावांकडे औंध संस्थानातील बांधकामाचे काम होते. अडचण कळल्यावर औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थानाच्या हद्दीतील कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज देऊ केले. जमीन ओसाड होती. निवडुंगाने भरलेली आणि सापांसाठी प्रसिद्ध. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसू लागली. शंभूराव जांभेकर यंत्रांची बाजू पाहत, मंगेशराव रेगे हिशेब व पत्रव्यवहार सांभाळत, अनंतराव फळणीकर यांच्यासारखे सहकारी पडेल ते काम करत, आणि पहाऱ्याला तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग हे शिक्षा भोगून आलेले दोघे होते. आज हे ठिकाण सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात येते आणि रेल्वे स्थानकाचे नावही किर्लोस्करवाडी असेच आहे.

बेळगावने एक कारखाना घालवला आणि एक पेठ मिळवली, असे आमच्याकडचे जुने लोक म्हणतात. नगरपालिकेला तेव्हा पुढचे काय दिसणार होते, हेही न्यायाने म्हटले पाहिजे.

४. लोखंडी नांगर सुरुवातीला कोणी घेईना, असे वाचले. का?

लोखंडामुळे जमीन विषारी होते आणि पीक येत नाही, अशी समजूत होती. पहिले मोजके नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. या गोष्टीकडे आपण आज हसून पाहतो. परंतु शेतकऱ्याची शंका सगळीच अंधश्रद्धेची नव्हती, असे मला वाटते. लाकडी नांगर जमीन फक्त फाडतो. मातीचा थर पालथा करत नाही. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वळणदार पंख असतो आणि तो मातीची पट्टी उचलून उलटी टाकतो. खालची माती वर आलेली पाहून, तीही पहिल्याच वर्षी, कोणाच्याही मनात धाकधूक होणारच. शिवाय बैलांचा खर्च होता. लाकडी नांगर एका जोडीवर चालतो, तर जड लोखंडी नांगराला काळ्या जमिनीत चार ते आठ बैल लागत. नांगर बिघडल्यास गावचा सुतार तो दुरुस्त करू शकत नसे, हाही मुद्दा होताच.

या नांगराची बाजू हरळी आणि कुंदा यांनी जिंकून दिली. काळ्या रानात खोलवर मुळ्या सोडणारे हे तण लाकडी नांगराला दाद देत नाही. लोखंडी नांगराने उन्हाळ्यात ढेकळे उलटी पडली, की मुळ्या उघड्या पडून वाळतात. एका शेतातील हरळी गेलेली शेजाऱ्याने पाहिली, की पुढची जाहिरात करावी लागत नसे.

नमुना अर्थातच इंग्लंडचा होता. तिकडील रॅन्सम यांच्या नांगराच्या फाळात एक युक्ती होती, जिचे पेटंट रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ मध्ये घेतले होते. फाळ ओतताना साच्यात खालच्या बाजूला लोखंडी पाट ठेवावा; तेथे रस चटकन गोठतो, ग्रॅफाइटला वेगळे होण्यास वेळ मिळत नाही आणि तो भाग पांढऱ्या, अतिशय कठीण बिडाचा होतो. वरची बाजू वाळूत सावकाश निवाल्यामुळे मऊ राहते. जमिनीत चालताना वरची मऊ बाजू आधी झिजते आणि खालची कठीण कड उघडी पडत राहते. म्हणून फाळ वापरताना आपोआप धारदार राहतो. आपल्याकडे असा जुना फाळ असल्यास खालच्या कडेवर कानस फिरवून पाहावी : ती घसरते, धरत नाही.

५. नांगराखेरीज तेथे काय काय तयार होत असे?

कडबा कापण्याचे यंत्र (आमच्याकडे त्याला नुसते 'कडबा कटर' म्हणतात), उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र, हातपंप, रहाटाचे भाग आणि पुढे लोखंडी फर्निचर. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. १९२६ मध्ये सेंट्रिफ्युगल पंप आणि डिझेल इंजिन आले. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील एम.आय.टी.मधून अभियंता होऊन परतले. लेथसारख्या यंत्रांसाठी १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहर येथे वेगळा कारखाना निघाला, तर ऑइल इंजिनांसाठी पुण्यात आणि विजेच्या मोटारींसाठी बेंगळुरूत १९४६ मध्ये. त्यामुळे 'किर्लोस्कर' हे नाव दिसले, की वस्तू किर्लोस्करवाडीचीच असेल असे समजू नये.

६. एखादे चाक किंवा पंख ओतला कसा जात असे?

आधी लाकडाचा पॅटर्न, म्हणजे हुबेहूब नमुना. हुबेहूब म्हटले खरे, पण तो मुद्दाम थोडा मोठा करावा लागतो, कारण बीड निवताना आकसते. जुने मिस्त्री फुटामागे एक अष्टमांश इंच धरत आणि त्यासाठी खास पट्टी वापरत, जिच्यावरचा 'फूट' खऱ्या फुटापेक्षा तेवढाच लांब असतो. माझ्या पहिल्या आठवड्यात मी चुकून साधी पट्टी उचलली आणि अख्खा पॅटर्न लहान झाला. साहेब काही बोलले नाहीत, फक्त ती पट्टी माझ्या टेबलावरून कायमची नेली.

पॅटर्न दोन भागांच्या पेटीत ठेवून भोवती वाळू ठोकतात. ही वाळू समुद्रकाठची साधी वाळू नव्हे. तिच्यात बेंटोनाइटसारखी चिकट माती, थोडी कोळशाची भुकटी आणि बेताचे पाणी असते. मुठीत दाबून उघडल्यावर बोटांचे ठसे उठले आणि गोळा मोडताना कड स्वच्छ तुटली, तर वाळू ठीक. पेटी उघडून पॅटर्न काढला, की पोकळी उरते. आत भोक हवे असेल, तर तेथे वाळूचाच भाजलेला 'कोअर' बसवतात.

रस कुपोलात तयार होतो. कुपोला म्हणजे आतून अग्निविटा लावलेला उभा नळ. त्यात कोक, पिग आयर्न (कच्चे बीड) व भंगार, आणि मळी (वितळलेला मळ) पातळ होण्यासाठी चुनखडी, असे थर एकावर एक पडतात व खालून भात्याचा वारा येतो. भोक फोडले, की पांढरट केशरी रस लाडलमध्ये, म्हणजे ओतण्याच्या भांड्यात, येतो. ओतताना धार तुटता कामा नये. तुटली, तर आधीच्या व नंतरच्या रसाच्या मध्ये एक बारीक सांधा राहतो, जो वरून दिसत नाही आणि पाच वर्षांनी चाक तेथेच फुटते.

७. माझ्या चरकावर अंक कोरले आहेत. ते साल आहे का?

बहुधा नाही. आधी एक गोष्ट : ती अक्षरे कोरलेली नसून उठावाची असतात, कारण ती पॅटर्नवर चिकटवलेली असतात. ओतीव मालावरील अंक बहुतेक वेळा पॅटर्नचा किंवा सुट्या भागाचा क्रमांक असतो, आणि साल असलेच तरी ते त्या पॅटर्नचे असू शकते. चांगला सागवानी पॅटर्न वर्षानुवर्षे चालतो, म्हणून वस्तू त्याच्यापेक्षा पुष्कळ नंतरची असू शकते.

काळ ठरवण्यासाठी अंकांपेक्षा पुढील खुणांचा आधार घ्यावा. नावापुढे 'लिमिटेड' असेल, तर वस्तू १९२० पूर्वीची नाही. आय.एस.आय.ची मुद्रा असेल, तर ती १९५५ पूर्वीची नाही. नावाच्या पट्टीवर सहा आकडी पिनकोड असेल, तर वस्तू १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. मापे इंच-पौंडांत असतील आणि बोल्टांचे आटे व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश पद्धतीचे असतील, तर मेट्रिक मापे रूढ होण्यापूर्वीची, म्हणजे ढोबळमानाने १९६० च्या आधीची असण्याचा संभव अधिक. परंतु ही खूण कच्ची आहे, कारण जुने आटे पाडणारी यंत्रे पुढेही वापरात राहिली. गावाचे नाव 'बेलगाम' असे इंग्रजी अक्षरांत असेल, तर त्यावरून फार काही सिद्ध होत नाही. अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून 'बेळगावी' झाले, तरी पॅटर्नवरची अक्षरे कोणी त्या दिवशी उपटून काढली नाहीत.

८. नाव किर्लोस्करांचे आहे, पण अक्षरे पुसट आहेत. नकली असेल का?

असू शकते, आणि हे ओळखण्याचा एक सुंदर मार्ग आहे. गावाकडे एखादा भाग मोडला, की अनेक जण नवा भाग न मागवता जुना भागच जवळच्या फाउंड्रीत नेत आणि त्यालाच पॅटर्न करून नवा ओतून घेत. त्याला फसवणूक म्हणणे कठीण आहे; हंगामात गुऱ्हाळ थांबून चालत नाही. परंतु अशी प्रत मूळ भागापेक्षा आकसण्याच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे एक टक्क्याने, लहान निघते (प्रश्न ६ पाहा). २४ इंचांचे चाक पाव इंचाने लहान भरले, भोवतालची अक्षरे बोथट असली, तर ती प्रत समजावी. नावाची नक्कलही त्याबरोबर आपोआप उतरते.

९. नाव अजिबात नाही. मग कारखाना कसा ओळखावा?

निश्चितपणे ओळखता येत नाही. सीमाभागात केवळ किर्लोस्करांचाच माल येत होता असे नाही. साताऱ्याच्या कूपर कारखान्याचे नांगर व इंजिने या बाजूला पुष्कळ आली. कोल्हापुरात म्हादबा मिस्त्री यांच्यासारख्या हाताच्या कारागिरांनी इंजिन घडवण्यापर्यंत मजल मारली आणि तेथील उद्यमनगरात ओतकाम वाढले. निपाणी, संकेश्वर या पेठांना कोल्हापूर जवळचे, त्यामुळे तिकडचे सुटे भाग तेथे अधिक सापडावेत, हे ओघानेच आले.

१०. पहिल्या महायुद्धात तोफा वितळवून नांगर केले, ही दंतकथा आहे का?

दंतकथा नव्हे. युद्धामुळे परदेशातून येणारे पिग आयर्न थांबले, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातील गडांवरच्या जुन्या तोफा लक्ष्मणरावांना दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. मात्र "आमचा नांगर तोफेचाच आहे" हे कोणालाही सिद्ध करता येणार नाही. कुपोलात तोफ, भंगार आणि पिग आयर्न एकत्र वितळते. एका नांगरात एकच तोफ उतरत नाही. बिडाऐवजी पंचधातूची तोफ असेल, तर तिचा नांगरासाठी उपयोगच नाही.

११. गुऱ्हाळाची काहीलही बिडाचीच ना?

नाही, आणि येथे पुष्कळांची गफलत होते. चरकाचे रोलर, दात्यांची चाके आणि सांगाडा ओतीव असतो. काहील मात्र लोखंडी पत्र्याचे तुकडे रिव्हेटांनी जोडून करतात. एवढे रुंद आणि उथळ भांडे बिडाचे केल्यास ते जड होईल, आणि खाली जाळ असताना वरून गार रस पडला की तडकेल. काहिलीच्या कडेवर रिव्हेटांची गोल डोकी ओळीने दिसतात. ती दिसली, की शंका उरत नाही.

१२. आजीचा बिडाचा तवा गंजला आहे. टाकून द्यावा का?

मुळीच टाकू नये. काथ्याने किंवा तारेच्या घासणीने गंज काढावा, धुऊन लगेच चुलीवर कोरडा करावा, तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि धूर निघेपर्यंत तापवावा. असे चार-पाच वेळा केल्यावर काळा थर धरतो आणि घावन, आंबोळी पुन्हा सुटू लागते. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नये (तो तडकेल; प्रश्न १ व ११ पाहा). तव्याला बारीक चीर गेली असेल, तर मात्र तो भिंतीवर टांगावा. टिचकी मारली असता अखंड तवा वाजतो, चिरलेला थापट बोलतो.

१३. मोडलेला दाता वेल्डिंगने जोडता येतो का?

येतो, पण नेहमीच्या वेल्डिंगच्या कांडीने नव्हे. मी स्वतः घरच्या कडबा कटरचे चाक घाईत साध्या कांडीने जोडून घेतले; सांधा छान दिसला आणि थंड होताना शेजारीच 'टिक्' असा आवाज होऊन नवी चीर गेली. बिडासाठी निकेलची कांडी वापरतात, भाग आधी सावकाश तापवतात, थोडे थोडे जोडतात आणि शेवटी राखेत पुरून सावकाश निववतात. ज्यावर जोर येणार नाही अशा वस्तूला पितळेचा सांधाही पुरतो. केवळ जतन करायची वस्तू असेल, तर ती मोडकीच ठेवावी, असे माझे मत आहे.

१४. देवळाची जुनी घंटा बिडाची असेल का?

सहसा नाही; ती काशाची असते. बिडातील ग्रॅफाइट कंप शोषून घेते. यंत्राच्या सांगाड्यासाठी तो गुण उपयोगी पडतो आणि घंटेसाठी तोच दोष ठरतो.

१५. आज बेळगावात इतक्या फाउंड्री आहेत, त्या जुन्या कारखान्याच्याच शाखा आहेत का?

नाहीत. उद्यमबाग आणि मच्छे येथील कारखाने स्वतंत्रपणे, पुष्कळ नंतर उभे राहिले, आणि त्यांचा माल बहुतेक वाहने, ट्रॅक्टर, पंप व मोटारी यांचे भाग असा आहे. कुपोलाच्या जागी आता विजेची इंडक्शन भट्टी अधिक दिसते. करड्या बिडाबरोबर एस. जी. आयर्नही ओतले जाते. त्यात मॅग्नेशियममुळे ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात राहते आणि माल फुटण्याऐवजी थोडा वाकतो. सरळ वारसा नसला, तरी आडवाटेने संबंध आहेतच : किर्लोस्कर समूहाचाच पिग आयर्नचा कारखाना कर्नाटकात कोप्पळजवळ आहे. ओतकामाची भाषा मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच राहिली. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत काय किंवा मच्छेत काय, मराठी आणि कन्नड बोलणारे मोल्डर 'कोअर', 'रायझर', 'लाडल' हेच शब्द वापरतात.

१६. वस्तू ओळखून हवी असल्यास छायाचित्र कसे पाठवावे?

वस्तू आधी घासू नये, रंगवू तर मुळीच नये. जुन्या रंगाचा थर हीसुद्धा खूण असते. अक्षरांवरची माती कोरड्या कुंच्याने झाडावी आणि पांढरा खडू आडवा धरून अक्षरांवरून हलकेच फिरवावा, म्हणजे उठावाचा भाग पांढरा होऊन पुसट नावही वाचता येते. छायाचित्र सकाळी किंवा सायंकाळी, तिरप्या उन्हात घ्यावे. शेजारी मोजपट्टी ठेवावी, बोल्टाचे आटे दिसतील असे एक वेगळे चित्र घ्यावे आणि काप तुटलेला असेल, तर तोही दाखवावा. वस्तू कोणत्या गावात, कोणत्या कामाला होती, हेही लिहावे; चाकापेक्षा त्या दोन ओळींवरूनच अनेकदा अधिक कळते.